उसनं आणलेलं ड्रिल परत करायचंय, पण बोलू काय?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

"नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी आम्ही इंग्लंडमध्ये, ईस्ट मिडलंड्स भागातल्या एका गावात राहायला आलो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं, पुढे एम. एस्सी. केलं. इंग्रजी वाचते, ईमेलही व्यवस्थित लिहिते. सहा आठवड्यांपूर्वी घरात पडदे लावायचे होते. शिडी आम्ही विकत आणली, ड्रिल मशीन मात्र शेजारच्या सत्तरीतल्या गृहस्थांनी आपणहून दिलं. पडदे लागले, पण शेवटचं भोक पाडताना मशीनचं बिट, म्हणजे पुढची भोक पाडणारी सळी, जळून निळं पडलं आणि त्याचं टोक गेलं. तेव्हापासून मशीन आमच्याकडेच पडून आहे. त्यांच्या दारात उभं राहून काय बोलायचं, तेच सुचत नाही. परवा अंगणात दिसले तेव्हा ते 'यू ऑल राइट, डक?' म्हणाले. मला वाटलं, माझा चेहरा उतरलेला दिसतोय की काय. 'आय अॅम फाइन, व्हाय?' असं म्हणून मी आत निघून आले. नवरा म्हणतो, मीच देऊन येतो. माझ्या मनात येतंय की तीस पौंडांची व्हिस्कीची बाटली आणि एक चिठ्ठी ठेवून मशीन त्यांच्या दाराशी ठेवून यावं. इतकी शिकून माझं इंग्रजी एवढं कच्चं कसं? बोलण्याचा क्लास लावू का?"

क्लासचं नंतर बघू. आधी मशीन परत जाऊ दे.

तुम्ही स्वतःच्या इंग्रजीला कच्चं म्हणता. पण ज्या दोन मिनिटांच्या बोलण्याची तुम्हाला धास्ती वाटतेय, त्यात लागणारे जवळपास सगळे शब्द तुम्ही शाळेपासून वापरताय. थँक्स, सॉरी, ब्रॉट, बॅक, न्यू. यांत कच्चं राहण्यासारखं काय आहे? तुमचं अडतंय ते वेगळ्या ठिकाणी. आपण मनात मराठी वाक्य जुळवतो, ते छान अदबशीर असतं, आणि इंग्रजीत नेताना त्यातली अदब वाटेतच गळून पडते. मग स्वतःचंच वाक्य स्वतःला उद्धट वाटतं आणि तोंड मिटतं.

"हे घ्या तुमचं मशीन." या वाक्यात काही कमी आहे का? नाही. 'घे' न म्हणता 'घ्या' म्हटलं, 'तुझं' न म्हणता 'तुमचं' म्हटलं, झाला आदर. आता हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत न्या: "टेक युअर मशीन." आदर ठेवायला जागाच उरली नाही. 'टेक' हे पाच वर्षांच्या मुलाला म्हणा नाहीतर सत्तरीतल्या माणसाला, रूप तेच. म्हणून इंग्रजी बोलणारा माणूस ही अदब क्रियापदात शोधतच नाही. तो समोरच्याला 'घ्या' असं सांगायचं टाळतो आणि स्वतःबद्दल बोलतो: "आय'व्ह ब्रॉट युअर ड्रिल बॅक." मी तुमचं ड्रिल परत आणलंय. बस्स. पुढचं घेणं ते घेतीलच. आणखी मऊ करायचं असेल तर मध्ये एक 'जस्ट' घालायचा: "आय'व्ह जस्ट पॉप्ड राउंड विथ युअर ड्रिल." 'पॉप राउंड' म्हणजे सहज डोकावणं, दोन मिनिटं येऊन जाणं. हा 'जस्ट' म्हणजे तुमच्या 'घ्या'तला आदर समजा.

याच वाक्यात आपल्या लोकांचं आणखी एका जागी घसरतं. "ड्रिल द्यायला आलेय" याचं "आय हॅव कम टू गिव्ह द ड्रिल" होतं. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, ही मला ड्रिल कशाला देतेय? इवलासा 'बॅक' गाळला की परत करणं हे देणं होऊन बसतं. उलट 'रिटर्न'मध्ये 'परत' आधीच आहे, त्यामुळे "रिटर्न बॅक" म्हणजे 'परत परत करणं'. भारतात ते सर्रास चालतं, तिथेही कळेल, पण दारात उभं राहून 'रिटर्न' म्हणणं जरा दुकानात माल परत करायच्या खिडकीवर बोलल्यासारखं वाटतं. शेजाऱ्याकडे 'ब्रिंग बॅक' बरं.

आणि 'बॉरो'-'लेंड'चा घोळ. आपल्याकडे शब्द एकच, 'उसनं'. घेणारा उसनं घेतो, देणारा उसनं देतो, दिशा क्रियापद सांगतं. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटात आहे: घेतलं ते 'बॉरो', दिलं ते 'लेंड'. म्हणून "थँक्स फॉर बॉरोइंग मी द ड्रिल" हे वाक्य उलटं पडतं. बरोबर वाक्य, "थँक्स फॉर लेंडिंग मी द ड्रिल." ऐन वेळी घोटाळा होईल अशी भीती असेल तर दोन्ही क्रियापदं बाजूला ठेवा आणि म्हणा, "थँक्स फॉर द लोन ऑफ द ड्रिल." लोन म्हटलं की आपल्याला बँक आणि हप्ते आठवतात, पण शेजाऱ्याच्या वस्तूलाही हा शब्द रोजच्या बोलण्यात चालतो. शिवाय इंग्लंडमध्ये बोलीभाषेत "कॅन आय लेंड युअर पेन?" असं उलटंही कानावर येईल. व्याकरणाच्या पुस्तकात ते चूक आहे. ऐकून गोंधळू नका आणि उचलूही नका.

आता अंगणातला तो प्रश्न. "यू ऑल राइट?" ही तिथली हाक आहे. आपण जिन्यात भेटलेल्याला "काय, कसं काय?" म्हणतो, तितकीच. त्यात तब्येतीची चौकशी नाही आणि चेष्टा तर मुळीच नाही. उत्तर छोटं असतं आणि उलट प्रश्नावर संपतं: "नॉट बॅड, थँक्स. यू?" त्या शेवटच्या 'यू?'ने चेंडू परत जातो. तो 'डक' म्हणजे बदक खरा, पण ईस्ट मिडलंड्समध्ये, म्हणजे डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या पट्ट्यात, तो मायेचा शब्द आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, बसचा ड्रायव्हर उतारूला म्हणतो. न्यूकॅसलकडे त्याच जागी 'पेट' येतं, यॉर्कशरकडे 'लव्ह'. त्यांनी तुम्हाला 'डक' म्हटलं याचा अर्थ त्यांनी तुम्हाला आपल्या गावातलं धरलं. तुम्ही उलट त्यांना 'डक' म्हणायची गरज नाही. 'अंकल' आणि 'सर'ही नको. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना आपली जीभ अडखळते, ते साहजिक आहे. पण तिथे पहिलं नाव हीच आपुलकी, आणि 'मिस्टर' लावून पहिलं नाव घेणं चमत्कारिक दिसतं. नाव विसरला असाल तर "सॉरी, आय'व्ह फरगॉटन युअर नेम" म्हणून मोकळं व्हा. अगदीच जड जात असेल तर नुसतं 'हाय' म्हणा, पहिल्या खेपेला तेवढं पुरतं.

बोलायला जाण्याआधी हातातलं काम उरकून घ्या. बोलणं त्यानेच निम्मं सोपं होणार आहे.

जळलेलं बिट आधी नीट बघा. खिडकीच्या वर पडद्याच्या दांडीसाठी भोक पाडताना बिट निळं पडलं असेल, तर बहुधा तुम्ही लिंटलला भिडलात. खिडकीवरचं वजन पेलायला तिथे आडवा काँक्रीटचा किंवा पोलादी तुकडा असतो. विटेत सरसर जाणारं बिट त्याला लागलं की जागीच फिरत राहतं, तापतं आणि टोकाचा कठीण धातू उडतो. मशीनवर हातोडीचं चित्र असलेली सोय चालू नसेल तर काँक्रीटमध्ये हे हमखास होतं. पोलाद असेल तर भिंतीचं बिट तिथे चालतच नाही. तिथल्या कुठल्याही जुन्या घरमालकाला हे ठाऊक असतं, म्हणजे तुम्ही ज्याला स्वतःचा गुन्हा समजताय तो त्यांच्या लेखी ओळखीचा त्रास आहे. नवं बिट घेताना जुनं बरोबर न्या. बिटच्या मागच्या दांडीवर बहुतेक वेळा जाडी छापलेली असते. स्क्रूआधी भोकात बसवायचे प्लास्टिकचे प्लग लाल रंगाचे वापरले असतील तर ते 6 मिलिमीटरचं असणार, तपकिरी असतील तर 7. दांडी गुळगुळीत गोल आहे की तिला लांबट खाचा आहेत तेही बघा. खाचांचं बिट साध्या मशीनमध्ये नीट धरलं जात नाही आणि साधं बिट खाचांच्या मशीनमध्ये बसत नाही. पाकिटावर 'मेसनरी', म्हणजे वीट-काँक्रीटसाठी, असं लिहिलेलं हवं, लाकडासाठीचं किंवा लोखंडासाठीचं नको. एक सुटं बिट थोडक्या पौंडांत मिळतं. ते पेटीत जुन्याच्या जागी बसवा, जुनंही शेजारी राहू द्या, म्हणजे काय बदललं ते त्यांना दिसेल. मशीनवरची विटेची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, बॅटरीचं असेल तर पूर्ण चार्ज करा. पेटीतली किल्ली, बाजूचा दांडा, सगळं आहे ना ते मोजा. सहा आठवड्यांत एखादी वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेली असते.

हे का सांगतेय? नवं बिट पेटीत असलं की "पैसे देऊ का, किती झाले, नको नको" हा सगळा अवघड भाग बोलण्यातून निघून जातो. झालेली गोष्ट सांगायची आणि केलेली भरपाई सांगायची, एवढंच उरतं.

ती सांगायची कशी, इथे मराठीतलं एक सुंदर वळण आपल्याला दगा देतं. आपण "बिट तुटलं" म्हणत नाही, कारण त्यात अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. "मी तोडलं" असंही म्हणत नाही, कारण मुद्दाम केल्यासारखं वाटतं. आपण म्हणतो, "माझ्याकडून तुटलं." जबाबदारी माझी, हेतू नव्हता, दोन्ही एका शब्दात आलं. इंग्रजीत 'माझ्याकडून' नाही. "इट वॉज ब्रोकन फ्रॉम मी" हे इंग्रजीच नव्हे. तिथे ते काम 'आय'म अफ्रेड' करतं: "आय'म अफ्रेड आय रुइन्ड द बिट." यात भीतीचा काही संबंध नाही. 'सांगायला वाईट वाटतंय, पण' एवढाच त्याचा अर्थ. त्याला लगेच जोडून, श्वासही न घेता: "आय'व्ह पुट अ न्यू वन इन द केस."

उशीर झाल्याबद्दलही असंच. आपल्याकडे आधी कारण सांगतात आणि मग माफी येते. पाहुणे आले होते, मुलाला ताप होता, म्हणून राहून गेलं, राग मानू नका. तिथे माफी पहिली आणि एकाच वाक्याची. "सॉरी आय'व्ह हंग ऑन टू इट फॉर सो लाँग." इतके दिवस ठेवून घेतलं. कारण विचारलं तरच सांगायचं. लांबलचक कारण ऐकलं की समोरच्याला तुमची समजूत घालावी लागते, आणि दारात उभ्या माणसाला ते जड जातं.

वेळ कोणती निवडाल? संध्याकाळी पाच ते सात टाळा. मिडलंड्समध्ये आणि त्याच्या वरच्या भागात 'टी' म्हणजे पुष्कळदा संध्याकाळचं जेवण. "वी'र जस्ट हॅविंग अवर टी" असं कोणी म्हटलं तर ते जेवत आहेत, चहा पीत नाहीत. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. नंबर असेल तर आधी एक ओळ पाठवा: "हाय, इट्स मी फ्रॉम नेक्स्ट डोअर. इज इट ओके इफ आय पॉप राउंड विथ द ड्रिल अबाउट इलेव्हन?" बेल दाबल्यावर दोन पावलं मागे सरा, दाराला चिकटून उभं राहू नका. दार दुसऱ्याच कोणी उघडलं तर गृहस्थांचं नाव घेऊन शेवटी फक्त 'इन?' जोडायचं, 'इज ... इन?' म्हणजे घरात आहेत का. कोणीच नसेल तर मशीन बाहेर ठेवू नका. तिथला पाऊस सांगून येत नाही, आणि हरवलं तर गोष्ट भलतीकडे जाईल.

समजा ते स्वतःच दारात आले. साधारण असं होईल.

"हाय! आय'व्ह ब्रॉट युअर ड्रिल बॅक. सॉरी आय'व्ह हंग ऑन टू इट फॉर सो लाँग."

"ओह, नो रश, डक. डिड इट डू द ट्रिक?"

"इट डिड, थँक्स. द कर्टन्स आर ऑल अप. आय'म अफ्रेड आय रुइन्ड द बिट, दो. आय'व्ह पुट अ न्यू वन इन द केस."

"यू शुडन्ट हॅव! हिट द लिंटल, डिड यू?"

"आय थिंक सो. द लास्ट होल जस्ट वुडन्ट गो इन."

"नाइटमेअर, दोज लिंटल्स."

"दे आर! एनीवे, आय'ल लेट यू गेट ऑन. थँक्स अगेन, इट वॉज अ रिअल हेल्प."

"एनी टाइम."

घड्याळ लावून म्हणून बघा, मिनिटभरही लागत नाही. विषय शोधावा लागला का? नाही, तो पेटीत घालून तुम्ही हातातच नेला होता. 'डिड इट डू द ट्रिक' म्हणजे काम झालं का. "यू शुडन्ट हॅव" ऐकून दचकू नका, ते रागावणं नव्हे. 'कशाला उगाच आणलंत' असं आपण म्हणतो तेच. "डोन्ट बी डॅफ्ट" म्हणाले तर तेही तसंच, 'वेड्यासारखं काय बोलताय' या चालीचं, मायेनेच. एकदा सांगून झालं की बिटचा विषय पुन्हा काढू नका. तिसऱ्यांदा सॉरी म्हटलं की त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

आभारांबद्दल मात्र हात आखडू नका. घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं की आपल्याला परकं वाटतं, "आभार कसले मानतेस" म्हणून ओरडाही बसतो. तिथे आभार मानल्याने कोणी परकं होत नाही. वर बघा, तुमच्या एवढ्याशा बोलण्यात दोनदा थँक्स आलंय आणि शेवटी मदतीचा उल्लेखही. शब्द बदलत राहिला की झालं: थँक्स, चिअर्स, थँक्स अगेन. ते तुम्हाला 'ता' म्हणतील, तेही थँक्सच.

निरोपाचं वाक्य नीट घोकून ठेवा, कारण बहुतेकांचं अडतं ते तिथेच. बोलणं सुरू होतं आणि संपवता येत नाही, मग दोघंही पेटीकडे बघत उभे राहतात. आपण 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं म्हणून 'येते' म्हणतो. तेही 'आय अॅम गोइंग' असं सरळ म्हणत नाहीत. "आय'ल लेट यू गेट ऑन" म्हणजे तुमची कामं असतील, मी मोडता घालत नाही. निघायचं असतं आपल्याला, पण वेळ त्यांचा जपतोय असं म्हणायचं. आपल्या 'येते हं'सारखीच ही रीत आहे, तेव्हा ती अंगवळणी पडायला वेळ लागणार नाही. त्याआधीचं 'एनीवे' फार कामाचं. तो शब्द उच्चारला की समोरच्याला कळतं, आता निरोप.

उच्चाराचं एकच सांगते. मराठीत शेवटच्या अक्षराआधीचा इकार आपण दीर्घ करतो: गरीब, वकील, जमीन. ती सवय 'बिट'चं 'बीट' आणि 'ड्रिल'चं 'ड्रील' करते. 'बीट' त्यांच्या कानाला ठोका किंवा मारणं असं ऐकू येईल. 'बिट' तोडून, आखूड म्हणा, 'बि' म्हणताच जीभ 'ट'वर आपटली पाहिजे. दुसरं, आपण सगळ्या शब्दांवर सारखाच भार देतो. "ब्रॉट युअर ड्रिल बॅक" यात जोर 'ड्रिल' आणि 'बॅक'वर, 'युअर' जवळजवळ गिळायचा. वरची तुमची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा म्हणा. दहा वेळा, मोठ्याने, आणि हातात खरी पेटी धरून. हात मोकळे असताना जमलेलं वाक्य हातात ओझं आलं की विसरतं. उरलेले उच्चार आहेत तसे राहू द्यात, ते कळतात.

'हो' म्हणताना मात्र सावध. "डू यू माइंड पुटिंग इट इन द शेड?" असं विचारलं आणि तुम्ही उत्साहाने 'येस' म्हणालात, तर त्याचा अर्थ 'हो, माझी हरकत आहे'. तिथे "नॉट अॅट ऑल" म्हणायचं आणि पेटी शेडमध्ये नेऊन ठेवायची. किंवा "यू डोन्ट नीड इट एनी मोअर?" आपण म्हणू, "हो, झालं आमचं." इंग्रजीत या जागी 'येस' आलं की त्यांना वाटेल अजून हवंय. हो-नाहीच्या वाटेला न जाता "आय'म ऑल डन विथ इट, थँक्स" म्हणा. काही कळलं नाही तर नुसतं हसून मान डोलावू नका, "सॉरी, आय मिस्ड दॅट" म्हणा. तिथल्या माणसांनाही एकमेकांचं बोलणं पहिल्या फटक्यात कळतंच असं नाही, ती रोज हेच म्हणतात.

"कमिंग इन फॉर अ कप ऑफ टी?" असंही होऊ शकतं. इथे आपली रीत फार महागात पडते. आपण 'नको नको' म्हणतो, यजमान आग्रह करतात, मग बसतो. तिथे पहिल्या 'नो, थँक यू'वर विषय संपतो, कारण तुमच्या नकाराचा मान राखणं ही त्यांची सभ्यता. तुम्ही मनातून आग्रहाची वाट बघत दारात, आणि दार हळूच बंद. जायचं असेल तर पहिल्यांदाच, "दॅट'ड बी लव्हली, इफ इट्स नो ट्रबल." नसेल जायचं तर "आय वोन्ट स्टॉप, थँक्स, अनदर टाइम." इथे 'स्टॉप' म्हणजे थांबणं, मुक्काम करणं. दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले असतील तर बोलावणं मनापासून आहे. दारातच उभे राहून म्हणाले असतील तर ते रीत म्हणून, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता तुमचे बाकीचे बेत. नवऱ्याने देऊन यावं हे सोपं आहे, चूकही नाही. पण मशीन त्यांनी तुम्हाला दिलं होतं, आणि अंगणात गाठ तुमचीच पडते. एकदा टाळलं की पुढच्या गाठीला दोन गोष्टी टाळाव्या लागतील. नवऱ्याला सोबत न्या हवं तर, बोला मात्र तुम्हीच. चिठ्ठीसह दाराशी ठेवणं फक्त ते गावाला गेले असतील तरच, तेही विचारून. व्हिस्की नकोच. ते पितात का हे ठाऊक नाही, आणि चार भोकांसाठी दिलेल्या मशीनपोटी तीस पौंडांची बाटली आली की त्यांना वाटेल आपण भाडं घेतलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आपल्या आजीचं शिकवणं तुम्हाला पाळायचं असेल तर अवश्य पाळा, पण एका लहान डब्यात चार बेसनाचे लाडू नेऊन. त्यात काय आहे ते न विचारता सांगा, कारण सुकामेव्याची अॅलर्जी तिथे फार गांभीर्याने घेतात. 2014 पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना 14 अॅलर्जनांची माहिती द्यावी लागते. काजू, शेंगदाणे, तीळ, दूध, गहू त्या यादीत येतात, बेसन येत नाही. "दे'र मेड विथ चिकपी फ्लार अँड बटर, अँड देअर आर कॅश्यूज इन देम. आर यू ऑल राइट विथ नट्स?" नाही म्हणाले तर डबा परत आणा, पुढच्या वेळी काजूशिवाय करा. डबा साधा न्या आणि "नो नीड टू गिव्ह द बॉक्स बॅक" म्हणा, नाहीतर तो परत करायचं ओझं त्यांच्यावर.

असेच प्रश्न पडणाऱ्या इतर वाचकांसाठी: अमेरिकेत 'ऑल राइट'च्या जागी "हाउज इट गोइंग?" येईल, उत्तर "गुड, हाउ आर यू?" आभारांना "नो प्रॉब्लेम" किंवा "यू बेट" मिळेल. ऑस्ट्रेलियात "नो वरीज." बेंगळुरूच्या ऑफिसात सहकाऱ्याचा चार्जर परत करताना एवढा फाफटपसारा लागत नाही. "हिअर्स युअर चार्जर, थँक्स, यू सेव्ह्ड मी" पुरे. पण वस्तू टेबलावर मुकाट्याने ठेवून निघून जाऊ नका. बोललेलं एक वाक्य वस्तू पोचल्याची पावतीही असते.

क्लास? लावावासा वाटला तर लावा, पण या कारणासाठी नको. दर आठवड्याला कोणाशी तरी दोन मिनिटं बोलण्याची संधी तुमच्या कुंपणापलीकडेच आहे.

आणि व्हिस्कीपेक्षा चांगली भेट तुमच्याकडे आधीच आहे. सत्तरीतल्या माणसाला बल्ब बदलायला, छपराच्या पन्हळीतली पानं काढायला कधी ना कधी उंची लागते. "थँक्स अगेन" म्हणून वळायच्या आधी एवढं सांगून ठेवा: "वी'व्ह गॉट अ स्टेपलॅडर, इफ यू एव्हर नीड वन. जस्ट नॉक."